आधी खाट बघा, मग कॉलेज

प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातला बंजारा तांडा. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुलगी आजीजवळ राहून शिकली आणि यंदा दहावीला ८४ टक्के घेऊन पास झाली. तिला लातूरला अकरावी सायन्सला जायचंय, जमलं तर डॉक्टर व्हायचंय. वडील म्हणतात, जवळपास काय असेल ते, म्हणजे आर्ट्स, शीक, नाहीतर बस झालं. मोठा भाऊ चाकणला कंपनीत कंत्राटी कामगार आहे. त्याने विचारलंय की तिला लातूरला पाठवू, माझ्या खोलीवर आणू, की वडिलांचं ऐकू? मोबाइल द्यावा का, हेही शेवटी विचारलंय.

मी मराठवाड्यात मुलींच्या वसतिगृहांवर गृहपाल म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले तरी जून-जुलैत दारात अशाच मुली, त्यांचे मामा, त्यांचे मास्तर उभे असतात. तेव्हा माझं उत्तर वसतिगृहाच्या दारातून दिलेलं आहे, हे धरून वाचा.

पाठवा. पण कॉलेजचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. तांड्यावरून, पाड्यावरून, ऊसतोडीच्या घरातून आलेली मुलगी निव्वळ अभ्यास झेपला नाही म्हणून परत गेलेली मी फार कमी पाहिली. राहायची सोय मोडते, मेसचे पैसे थकतात, दाखला वेळेत निघत नाही, नाहीतर दिवाळीला घरी जाते आणि परत आणून सोडायला कोणी उरत नाही, अशानेच जास्त मुली परततात. बहुतेक वेळा हे पहिल्या चार-पाच महिन्यांतच होतं. घरचे मात्र जून महिनाभर फक्त कॉलेजं आणि क्लासेस बघत फिरतात, आणि ‘राहायचं काय ते बघू नंतर’ म्हणतात. ते ‘नंतर’च महागात पडतं.

ही काही माझी नवी अक्कल नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढायला जागा आणि पैसा दिला, तेव्हा कोल्हापुरात शाळा नव्हत्या असं नाही. राजाराम कॉलेजसुद्धा होतं. खेड्यातल्या पोराने शहरात येऊन जेवायचं कुठे आणि पथारी टाकायची कुठे, यावर सगळं अडत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं जेवायची. त्यांचं साताऱ्याचं शिवाजी कॉलेज आलं ते १९४७ मध्ये. खाट आधी आणि कॉलेज मागून, हा क्रम त्यांनी घालून दिलेलाच आहे.

आता तुमच्या बहिणीच्या खाटेचं बघू. बंजारा म्हणजे विजा-अ, विमुक्त जातींचा अ गट. तिच्यासाठी सरकारी दारं मुख्यतः तीन. एक, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली, मुलांचं एक आणि मुलींचं एक, प्रत्येकी १०० जागा. पहिल्या टप्प्यात बीड, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि जालना जिल्ह्यांतले तालुके घेतले. त्यासाठी आई-वडिलांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागतं आणि त्याची नोंद ग्रामसेवकाकडे होते. तुमच्याकडे ते आहे का? नसेल तर या आठवड्याचं पहिलं काम तेच. दुसरं दार समाजकल्याणच्या वसतिगृहांचं. तिथे बहुतेक जागा अनुसूचित जातींच्या, विमुक्त-भटक्यांसाठी पाच टक्के. म्हणजे शंभरात पाच. त्यातल्या काहींवर आधीच्या वर्षाच्या मुली असतात, त्यामुळे ८४ टक्क्यांवर आशा ठेवा, भरवसा ठेवू नका. तिसरं दार इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या नव्या वसतिगृहांचं, जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे अकरावीच्या मुली घेतात का, किती घेतात, हे त्या वर्षीची जाहिरात वाचूनच ठरवा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजनांची नावं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. त्यात गफलत होते म्हणून सांगते. स्वाधार योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे, तुमच्या बहिणीला लागू नाही. सावित्रीबाई फुले आधार योजना विमुक्त-भटक्यांना लागू आहे, पण बारावीनंतरच्या शिक्षणाला. म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं तिला खाट मिळाली तर मिळाली, खोलीभाड्याचा पैसा सरकार देणार नाही. हे एकदा डोक्यात बसलं की लातूरचा आग्रह थोडा सैल होतो. तिन्ही दारं जिथे उघडायची शक्यता जास्त, त्या गावांची यादी आधी करा आणि त्या गावांत चांगलं सायन्स कॉलेज कुठे आहे ते मग बघा. अंबाजोगाई घ्या. योगेश्वरीसारखी जुनी संस्था तिथे आहे, सरकारी मेडिकल कॉलेज तिथे आहे, लातूरही फार लांब नाही. बीडही वाईट नाही. लातूरचं खासगी हॉस्टेल, मेस आणि क्लास मिळून जो आकडा होतो, तो कंत्राटी कामगाराच्या पगारातून दोन वर्षं निघतो का, हे तुम्हीच कागदावर मांडा. मांडताना तुमचं स्वतःचं काम सहा महिने सुटलं तर काय, हाही रकाना ठेवा.

तुमच्या खोलीवर आणू नका. राग मानू नका, पण हे स्पष्ट बोलायला हवं. चाकणला तुमच्या खोलीत आणखी दोघे-तिघे कामगार असतील. शिफ्ट बदलत असतील. तिथे आलेली बहीण पहिल्या आठवड्यात तुमचा डबा करते, दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचा, आणि दिवाळीपर्यंत ती कॉलेजच्या पटावर उरते, वर्गात नसते. यात कोणी वाईट नसतं. घरात बाई आली की चूल तिच्याकडे जाते, एवढंच. शिवाय मोठ्या शहरात तिला सरकारी खाट मिळणं गावापेक्षा अवघड. लग्न होऊन तुमचं बिऱ्हाड झालं, तर वेगळा विचार करू.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही प्रश्नात एक ओळ लिहून पुढे गेलात, ‘वडील यंदाची उचल घ्यायच्या बेतात आहेत.’ माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. उचल म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधीच घेतलेले आगाऊ पैसे.

दहावीचा निकाल, अकरावीचे प्रवेश आणि मुकादमाची उचल हे सगळं एकापाठोपाठ येतं. उचल कोयत्यावर मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. सोळा वर्षांची अंगाने धडधाकट मुलगी घरात असली, की मुकादम हिशेबात तिला धरतोच, आणि वाढीव उचल हातात पडते. त्या पैशात घराचे पत्रे बदलतात, सावकार मिटतो, कोणाचं दवाखान्याचं भागतं. म्हणजे तिच्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाआधीच तिचा हंगाम विकला गेलेला असतो, तिला न विचारता आणि बऱ्याचदा बापालाही ते नीट न उमगता. पुढे दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि मुकादम विचारतो, अर्धा कोयता कुठाय? बाप कर्जात अडकलेला असतो. तो वसतिगृहावर येतो, खाली मान घालून म्हणतो, मॅडम, यंदा एवढं वर्ष जाऊ द्या. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. भांडायची वेळ जूनमध्ये होती.

म्हणून उचल ठरण्याआधी तुम्ही गावी जा. फोनवर हे होत नाही. वडिलांना विचारा की यंदा किती कोयत्यांची उचल घेताय. ती दीड असेल तर एकच घ्या असं सांगा, आणि अर्ध्या कोयत्याचा फरक कुठून भरायचा ते दोघं मिळून ठरवा. थोडा तुमच्याकडून, थोडा खर्च पुढे ढकलून. मागच्या हंगामाची बाकी फिटलेली नसेल तर तीही विचारा, कारण बाकी असली की मुकादमाचा जोर वाढतो. मुकादम तांड्यातलाच किंवा नात्यातला असतो, त्याच्यासमोर ही गोष्ट होऊ द्या. तांड्याचे नाईक किंवा कारभारी शहाणे असतील तर त्यांनाही बसवा. चार माणसांत ‘पोरगी यंदा उसाच्या फडात येणार नाही’ असं ठरलं की दिवाळीत शब्द फिरवणं जड जातं.

आणि दिवाळीची सुट्टी आत्ताच ठरवा. ती कुठे जाणार, कोणासोबत परत येणार, कोणत्या तारखेला. आई-बाप सातारा, कोल्हापूर, कर्नाटकात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, बांधून बसलेले, आजी एकटी, आणि वसतिगृह दिवाळीत बंद. अशा वेळी मुलगी तांड्यावर जाते, भावंडं तिच्या गळ्यात पडतात, आणि दहा दिवसांची सुट्टी महिन्यावर जाते. महिन्याने परत आली तर प्रॅक्टिकल बुडलेलं असतं, पहिल्या सत्राची परीक्षा झालेली असते, तिलाच लाज वाटते आणि मग ती येतच नाही. तुम्ही कंपनीतली सुट्टी दिवाळीच्या शेवटी ठेवा, सुरुवातीला नको. लक्ष्मीपूजनाला तुम्ही घरी नसलात तरी चालेल. तिला परत वसतिगृहाच्या दारात सोडताना मात्र तुम्ही हवेत. धाकटी भावंडं शाळेत असतील तर गावातल्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. तिथे पालक स्थलांतरावर असताना मुलांच्या जेवणाची सोय होते आणि थोरलीवरचा भार कमी होतो.

कागदांचं आता. यात मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण गरीब घरातल्या मुलांचं वर्ष सेतू केंद्राच्या रांगेत जितकं जातं तितकं आजारपणातसुद्धा जात नसेल.

आधी शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या आणि आधार कार्डाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख. जन्मतारीख १ जून असेल तर हसू नका, आपल्याकडे अर्ध्या तांड्याची तीच असते, मास्तरांनी वय बसवायला लिहिलेली. तारीख कोणती का असेना, सगळ्या कागदांवर तीच हवी. फरक असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं. शाळेचा दाखला दुरुस्त करणं अवघड आणि दहावी झाल्यावर तर फारच. जातीच्या रकान्यात ‘बंजारा’ आहे की ‘लमाण’ की नुसतं ‘हिंदू’, तेही पाहा. बंजारा आणि लमाण दोन्ही विजा-अ मध्ये येतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ असेल तर पुढे त्रास आहे.

जातीचा दाखला असला म्हणजे झालं असं समजू नका. बारावीनंतर इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, कशालाही राखीव जागेवर जायचं तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. अर्ज कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे जातो. विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात, म्हणजे त्याआधीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा मागतात. आता सांगा, ज्या घरात तुम्ही दोघं शिकलेली पहिली पिढी, तिथे आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? म्हणून शोध आत्ताच सुरू करा. चुलत आजोबा शाळेत गेले होते का? त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. तहसीलच्या अभिलेखात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकाची नक्कल मिळते. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची, काका, चुलत भाऊ, आत्या, व्हॅलिडिटी निघालेली असेल तर तुमचं अर्धं काम झालं. वंशावळ लिहून काढा, तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून. हे काम बारावीच्या फेब्रुवारीत करायला घेतलं की मुलगी प्रॅक्टिकल सोडून तहसीलच्या पायऱ्यांवर बसते. अकरावीच्या दिवाळीआत अर्ज जाईल असं बघा.

त्याशिवाय उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर. शेवटच्याची मुदत संपते, ती तारीख वहीत लिहून ठेवा. बँकेत खातं तिच्या स्वतःच्या नावाने काढा आणि आधारशी जोडा. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून थेट तिथे येते आणि खातं जोडलेलं नसेल तर पैसा मंजूर होऊनही पडून राहतो. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. मूळ कागद वसतिगृहाच्या पेटीत ठेवू नका. कॉलेज मूळ दाखला मागेल, तो दिला की पोच घ्या.

आता लातूर. लातूर पॅटर्नबद्दल मला आदरच आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथल्या कॉलेजांच्या प्राध्यापकांनी खेड्यातली मराठी माध्यमाची मुलं घासून-पुसून बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आणली, हे खरं आहे. पण ते शिक्षण कॉलेजच्या वर्गात होत होतं. आज त्या नावावर ट्यूशनचा मोठा बाजार उभा आहे. त्यात चांगले शिक्षक आहेत, पण फी तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी ठरवलेली नाही. काही ठिकाणी कॉलेज नावापुरतं असतं. प्रवेश तिथे आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये. तुमच्या बहिणीला क्लास परवडणार नसेल तर असं कागदावरचं कॉलेज तिच्यासाठी सगळ्यात वाईट, कारण वर्गात शिकवायला कोणीच नसेल. ओळखायची युक्ती साधी आहे. सुट्टीचा दिवस सोडून सकाळी अकराला कॉलेजात जा आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये डोकावा. मुलं ॲप्रन घालून उभी दिसली तर ते कॉलेज. टेबलांवर धूळ दिसली तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, दुसरीकडे चला. अनुदानित तुकडीला प्रवेश मिळाला तर मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी लागत नाही. विनाअनुदानित तुकडी त्याच इमारतीत, त्याच नावाने असते आणि फी घेते. अर्ज भरताना हा फरक बघूनच पसंतीक्रम लावा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि तुम्ही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून जिथे खाटेची आशा नाही असं कॉलेज हौसेने पहिल्या नंबरवर टाकू नका.

डॉक्टर व्हायचंय म्हणते, त्याला नाही म्हणू नका. पण तिच्यासमोर आणखी दोन वाटा ठेवा, त्या तिला कोणी सांगितलेल्या नसतील. लातूरला मुलींचं शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. निवासी, म्हणजे खाट आणि शिक्षण एकाच कुंपणात. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा. नंतर नोकरी करता येते किंवा इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वडिलांनाही ‘तीन वर्षांत हातात काहीतरी’ हे पटतं. दुसरी वाट नर्सिंगची, बारावीनंतरची. आमच्या मुलींनी त्यात चांगलं नाव काढलंय, आणि सरकारी दवाखान्यातली सिस्टर तांड्याला परकी वाटत नाही. बायोलॉजीची मनापासून ओढ असेल तर सायन्स, नाहीतर मी डिप्लोमाच सुचवेन. आर्ट्सला कमी लेखायचं कारण नाही, पण वडील आर्ट्स म्हणतात ते विषयासाठी नाही, घराजवळ आहे म्हणून. त्यावर आर्ट्स विरुद्ध सायन्स असा वाद घालून उपयोग नाही.

सायन्स ठरलं तर पहिला धक्का इंग्रजीचा. घरी गोरमाटी बोली, शाळेत मराठी आणि आता एकदम इंग्रजीतलं फिजिक्स. आठवड्याभरात मुलीला वाटायला लागतं की मी ढ आहे. हा गैरसमज टाळायचा उपाय फुकट आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं इंग्रजी माध्यमाचीही मिळतात. धडे तेच, क्रम तोच. मराठी पुस्तक तिचं पाठ आहेच, इंग्रजी शेजारी उघडायचं आणि धडा समोरासमोर वाचायचा. कॉलेज सुरू व्हायच्या आत विज्ञानाचे दोन्ही भाग एकदा झाले की अर्धी भीती जाते. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर मराठीतही देता येतो, पण अकरावीचा वर्ग मराठीत चालत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका.

वडिलांबद्दल दोन शब्द. पत्रात तुम्ही त्यांना जुन्या विचाराचे म्हटलंय. मला ते घाबरलेले वाटतात. वयात आलेली मुलगी परगावी, आपण फडात, फोनला रेंज नाही, काही बरं-वाईट झालं तर तांडा काय म्हणेल. याच भीतीने कितीतरी घरांत सोळाव्या वर्षी लग्न उरकतात, आणि लग्न लागलं की नवा कोयता उभा राहतो, तोही एक हिशेब असतोच. भीतीला भाषणाने उत्तर देता येत नाही. वडिलांना आणि आईलाही घेऊन जा, वसतिगृह दाखवा. खोली, संडास, जेवणघर, फाटकावरचा रखवालदार, गृहपालबाईंचा नंबर. आईने एकदा तिथली खाट हाताने चाचपली की निम्मा विरोध तिथेच गळतो.

वसतिगृहाच्या अर्जात स्थानिक पालकाचं नाव मागतात. हा रकाना घाईत भरू नका. आई-वडील फडात असताना मुलीला ताप आला तर दोन-तीन तासांत पोचेल असं माणूस हवं. मावशी, शिक्षिका, कोणीही, पण विचारून, होकार घेऊन. मुलीला घरी न्यायला कोण येऊ शकतं, त्याचीही नावं देतात. तिथे फक्त तुम्हा दोघांचा भरवसा असलेलीच नावं घाला. उन्हाळ्याच्या तोंडाला ‘आजी फार आजारी आहे, पोरीला पाठवा’ असा निरोप येतो आणि घरी मांडव घातलेला असतो, हे मी पाहिलेलं आहे. बहिणीला सांगून ठेवा की असा निरोप आला तर आधी तुम्हाला फोन करायचा, मग गृहपालांना सांगायचं. अठराच्या आत लग्नाचा विषय निघालाच तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर तिला पाठ हवा, आणि गावपातळीवर ग्रामसेवक हा कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे तुम्हाला माहीत हवं. वेळ येऊ नये, पण माहिती असावी.

पहिले तीन आठवडे ती रडेल. घरी न्या म्हणेल. जाऊ नका. रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि ‘जेवलीस का’ एवढंच विचारून ठेवू नका, काय जेवलीस ते विचारा. भाकरीवर वाढलेल्या मुली मेसचा भात-वरण जेवत नाहीत, उपाशी झोपतात आणि कोणाला सांगत नाहीत. महिनाभराने चक्कर येऊन पडतात तेव्हा कळतं. फळ्यावरचं दिसतं का, तेही विचारा. डोळे तपासून घ्या, गावात कोणी तपासलेले नसतात. कोणी बोलण्यावरून किंवा तांड्यावरून चिडवत असेल तर ती तुम्हाला सांगणार नाही, मैत्रिणीला सांगेल. म्हणून खोलीतल्या एका तरी मैत्रिणीचा नंबर ठेवा. महिनाभर झाला की एक रविवार भेटून या. त्यानंतर बहुतेक मुली रुळतात.

मोबाइल द्यावा का? द्या, आणि साधा नको, स्मार्टफोन द्या, तुमचा जुना असला तरी चालेल. अकरावीचा अर्ज, महाडीबीटी, वसतिगृह, पडताळणी, सगळ्याचे ओटीपी मोबाइलवर येतात. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, पासवर्डही त्याच्याकडेच राहतो आणि पुढच्या वर्षी अर्ज नूतनीकरणाला त्याला शोधत फिरावं लागतं. सिम तिच्या किंवा तुमच्या नावावरचं घ्या, तोच नंबर बँकेत, आधारला आणि सगळ्या अर्जांत द्या, आणि रिचार्ज संपू देऊ नका. युजरनेम-पासवर्ड एका वहीत लिहून त्या पानाचा फोटो तुमच्याकडे ठेवा. तंत्रनिकेतनाचा अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा भरावा लागतो, अकरावीच्या अर्जात तो येत नाही, आणि दोन्हींच्या तारखा पुढे-मागे असतात. काय घ्यायचं ते पक्कं होत नसेल तर दोन्ही भरून ठेवा आणि वसतिगृहाचा निरोप कुठून आधी येतो ते बघा.